खगोलजीवशास्त्रात जायचंय, पण पदवी कशात घेऊ?

प्रश्न: ताई, मी मेहकर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. बारावी सायन्सला आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी असे चारही विषय घेतलेत. 2020 साली लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा मी सातवीत जाणार होते. टीव्हीवर बघितलं आणि हट्टच धरला. पण लॉकडाऊन संपून बाबा मला घेऊन गेले तोवर ते पुन्हा हिरवं झालेलं. रंग आला कशामुळे, गेला कुठे, इतक्या खाऱ्या पाण्यात जगतं कोण, मंगळावरच्या तळ्यांतलं पाणीही असंच होतं का, हे प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. आमच्या विहिरीच्या खोदकामात निघालेले पांढरे स्फटिकही मी डब्यात जपून ठेवलेत. मला ॲस्ट्रोबायोलॉजीतच करिअर करायचं आहे. आमचे सर म्हणतात, फिजिक्स घे, नाहीतर अवकाशाचं काहीच करता येणार नाही. मैत्रीण म्हणते, नावातच बायोलॉजी आहे, तर तेच घे. पुण्याची मावशी सांगते, अमेरिकेत याच विषयाची डिग्री मिळते, कर्ज काढून जा. बाबा म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर, नोकरी लागेल, मग हवं ते वाचत बस. खरं सांगू का, डेरिव्हेशन पाठ करायचा मला कंटाळा येतो. पण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला लॅबमधून सगळ्यात शेवटी मीच बाहेर पडते. काय करू?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. पदवीला मुख्य विषय रसायनशास्त्र घे आणि जोडीला भूशास्त्र, म्हणजे जिऑलॉजी, मिळेल असं कॉलेज शोध. आयसर किंवा नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांत प्रवेश मिळाला तर फारच उत्तम. गणिताची साथ सोडू नकोस. आणि ॲस्ट्रोबायोलॉजी असं नाव असलेल्या पदवीमागे बारावीनंतर लगेच धावू नकोस. मी स्वतः रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा माझा कल तिकडे असणार हे तू गृहीत धर. पण हा सल्ला मी तुझ्याच पत्रातून काढलाय.

तुझं पत्र एकदा परक्याचं म्हणून वाचून बघ. त्यात दुर्बीण नाही, कृष्णविवर नाही, एकाही ताऱ्याचं नाव नाही. ज्याला आकाशाचं वेड असतं त्याच्या पत्रात ते पहिल्या दोन ओळींतच डोकावतं. तुझे सगळे प्रश्न पाण्याचे आहेत. त्यात विरघळलेल्या क्षारांचे, दगडात तयार झालेल्या स्फटिकांचे आणि या सगळ्यात कोण कसं तग धरतं याचे. करिअर निवडताना मुलं ‘मला काय आवडतं’ असं विचारतात, पण त्याहून नेमकी गोष्ट म्हणजे आपल्याला कोणत्या प्रकारचा पुरावा हाताळायला आवडतं. खगोलजीवशास्त्रात प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का, होती का, आणि मुळात ती सुरू होते कशी? पुरावे मात्र वेगवेगळे. कुणी दुर्बिणीतून आलेला प्रकाश तपासतं, कुणी दगड, कुणी रेणू, तर कुणी जिवंत पेशी. रोजचं काम त्या पुराव्याशी असतं आणि ते वर्षानुवर्षं करायचं असतं. प्रॅक्टिकल संपलं तरी तुझा पाय लॅबमधून निघत नाही, यातच अर्धं उत्तर आलं.

लोणारचंच घेऊ. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आधी संशय ड्युनालिएला नावाच्या शेवाळावर होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि सांगितलं की हा रंग हॅलोआर्कियांचा आहे. मिठाने भरलेल्या पाण्यातच फोफावणारे हे सूक्ष्मजीव, त्यांच्या अंगात कॅरोटिनॉइड गटातली गुलाबी रंगद्रव्यं असतात. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार दाट झाले आणि त्यांची संख्या बेसुमार वाढली. प्रयोगशाळेत ते पाणी न हलवता ठेवलं तेव्हा जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे गुलाबी पाणी नव्हतं, त्यात तरंगणारी गर्दी गुलाबी होती. पुढे पाऊस झाला, खारेपणा उतरला, ती गर्दी ओसरली आणि स्पायरुलिनासारख्या हिरव्या जिवांचं राज्य पुन्हा सुरू झालं. तू गेलीस तेव्हा तुला दिसलं ते हे.

आता जीव ओळखणं हे सूक्ष्मजीवशास्त्राचं काम. पण ते तिथेच का, आणि त्याच वर्षी का, याचं उत्तर जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्टच्या काळ्या कातळात अवकाशातून आलेल्या दगडाच्या धडकेने झालेलं ते विवर. त्यात झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी उतरतं, पण वाहून बाहेर जात नाही. जातं ते वाफ होऊनच. कातळातून विरघळून आलेलं सोडियम, कार्बोनेट आणि क्लोराइड मागे साठत राहतं. म्हणून तिथला सामू, म्हणजे पीएच, 10 च्या आसपास असतो. हे सगळं भूरसायनशास्त्र झालं, म्हणजे अर्धं केमिस्ट्री आणि अर्धं जिऑलॉजी.

आणि हे फक्त लोणारपुरतं नाही. 24 सप्टेंबर 2023 रोजी बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती घेऊन नासाच्या ओसायरिस-रेक्स मोहिमेची कुपी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात उतरली. माल किती? 121.6 ग्रॅम. जानेवारी 2025 मध्ये त्या मातीच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या 20 अमिनो आम्लांची बनतात त्यांतली 14 तिच्यात सापडली. डीएनए आणि आरएनए यांच्या साखळीत असणारे पाचही बेस सापडले. शिवाय भरपूर अमोनिया. याच्या बातम्या सगळीकडे आल्या. पण तुझ्यासाठी मोलाची बातमी दुसरी होती: त्या मातीत क्षारांची एक मालिका मिळाली, खारं पाणी हळूहळू आटत गेलं की एकामागून एक खाली बसतात तशा क्षारांची. त्यात ट्रोना होता. ट्रोना म्हणजे सोडियमचं कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचा पाणी धरून असलेला स्फटिक. आटत चाललेल्या सोडा सरोवरांच्या काठावर तो मिळतो आणि लोणार हे सोडा सरोवरच आहे. याचा अर्थ, बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे त्याच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वी तसंच सोडायुक्त खारं पाणी होतं. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावरून उडणाऱ्या फवाऱ्यांतल्या बर्फकणांतही सोडियमचे कार्बोनेट सापडलेत. मेहकरच्या मुलीला ज्या पाण्याने सातवीत झोप लागू दिली नाही, त्याच जातीच्या पाण्याचा शोध आज जगभरातल्या प्रयोगशाळा घेताहेत. मला याचा मनापासून आनंद वाटतो आणि तुलाही वाटायला हवा.

बेन्नूची आणखी एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. अमिनो आम्लांचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार असतात, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. पृथ्वीवरची जीवसृष्टी प्रथिनांसाठी जवळजवळ फक्त डावे वापरते. बेन्नूवर दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात निघाले. म्हणजे ती आम्लं जिवाने बनवलेली नाहीत, नुसत्या रसायनांनी बनवलीत. मग जीवसृष्टीने डावी बाजू धरली कधी, आणि का? याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. तुझ्या पिढीसाठी हा प्रश्न उघडा आहे आणि त्याच्या दाराशी जो उभा राहील त्याला सेंद्रिय रसायनशास्त्र चांगलं यावं लागेल. बारावीच्या पुस्तकातला ‘ऑप्टिकल ॲक्टिव्हिटी’चा भाग दोन मार्कांसाठी उरकू नकोस.

आता सरांच्या म्हणण्याकडे वळते. फिजिक्सशिवाय अवकाशाचं काहीच करता येत नाही, हे बरोबर नाही. दूरच्या ग्रहांच्या वातावरणाचा अभ्यास करायचा असेल तर मात्र फिजिक्सच हवं. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने एप्रिल 2025 मध्ये 124 प्रकाशवर्षांवरच्या के2-18बी या ग्रहावर डायमिथिल सल्फाइडसारख्या वायूची चिन्हं दिसल्याचं मांडलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे बनतो, म्हणून एवढी चर्चा. पण त्या संकेताची सांख्यिकी पुरेशी भक्कम नाही, असा आक्षेप इतर गटांनी लगेच घेतला. तो सगळा वाद वर्णपटाच्या आलेखातल्या बारीक चढउतारांचा आहे. अशा कामात दिवस संगणकासमोर, गणिताशी आणि प्रारूपांशी झुंजण्यात जातो. ज्याला ते आवडतं त्याने अवश्य करावं. तुला डेरिव्हेशनचा कंटाळा ‘पाठ’ करण्यामुळे येतोय की मुळातच येतोय, हे मात्र एकदा तपास. पाठ न करता, कोऱ्या कागदावर स्वतः एक सूत्र काढून बघ. त्यात रमलीस तर माझा सल्ला थोडा बदलेल.

मैत्रीण म्हणते ते बायोलॉजी त्याहून जवळचं आहे, विशेषतः मायक्रोबायोलॉजी, आणि माझ्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर आहे. आपल्याकडे या वाटेचा चांगला इतिहासही आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 आणि 2005 मध्ये हैदराबादच्या बलून केंद्रातून इस्रोच्या मदतीने फुगे सोडले आणि 20 ते 41 किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणले. 2005 च्या नमुन्यांतून जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती वाढल्या. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेने आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने त्या तपासल्या. 2009 मध्ये तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या आणि त्यांना नावं दिली गेली ती ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून. हे जीव अवकाशातूनच आले, असं मात्र या प्रयोगातून सिद्ध झालं नाही. आर्यभटांच्या नावाचा जिवाणू पुढे पृथ्वीवरच्या मातीत ठिकठिकाणी सापडला. या प्रयोगात नारळीकर गणित आणि खगोलभौतिकीचे, हवा गोळा करणारी निर्जंतुक नळकांडी बांधणारे इंजिनिअर, जिवाणू ओळखणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. ॲस्ट्रोबायोलॉजीची पदवी त्यांतल्या एकाकडेही नव्हती. प्रत्येकाकडे स्वतःचा एक विषय होता आणि तो पक्का होता, म्हणूनच बाकीच्यांना त्यांची गरज पडली.

मायक्रोबायोलॉजी मी पहिल्या क्रमांकावर का ठेवली नाही? कारण अनेक कॉलेजांत बी.एस्सी. मायक्रोचा अभ्यासक्रम औषध कंपन्या, अन्नप्रक्रिया आणि रुग्णालयं डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो. त्यात वाईट काहीच नाही, नोकऱ्याही त्यामुळेच लागतात. पण त्यात गणित जवळजवळ सुटतं आणि दगडाशी तर गाठच पडत नाही. रसायनशास्त्र केलेल्या मुलीला पुढे सूक्ष्मजीव शिकता येतात. उलट दिशेने येणाऱ्या मुलांना थर्मोडायनॅमिक्स आणि स्पेक्ट्रोस्कोपी नव्याने शिकताना किती जड जातं, ते मी बघत आलेय.

जिऑलॉजीचं नाव तुला एकानेही सुचवलं नाही, याचं मला वाईट वाटतं. आपण राहतो त्या महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसलाय. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचाच आहे. म्हणून तर लोणारसारख्या बेसॉल्टमधल्या विवराकडे मंगळाचे अभ्यासक इतक्या आस्थेने बघतात. तुझ्या डब्यातले ते पांढरे स्फटिकही याच कथेतले आहेत. लाव्हा थिजताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून गरम पाणी झिरपलं आणि पाण्याने खडकातले घटक विरघळवून पोकळीच्या भिंतींवर स्फटिक वाढवले. असे स्फटिक बहुतेक वेळा क्वार्ट्झ, कॅल्साइट किंवा झिओलाइट गटातले असतात. एक टोकदार तुकडा जुन्या बाटलीच्या काचेवर ओढून बघ. स्पष्ट ओरखडा उठला तर क्वार्ट्झ असण्याची शक्यता मोठी, कारण बाकीचे काचेपेक्षा मऊ असतात. मग कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाक. फसफसलं तर कॅल्साइट. दोन्ही झालं नाही तर झिओलाइटचा विचार कर. काय बघितलंस ते तारखेसह वहीत लिही. खडक, कोमट पाणी आणि त्यांच्यातली देवाणघेवाण जिथे झाली तिथे जिवाला ऊर्जा मिळू शकते, म्हणून मंगळावर आज अशाच जागा शोधल्या जातात.

मंगळावर पर्सिव्हरन्स गाडीवरचं पिक्सल हे उपकरण खडकाच्या कणाकणातली मूलद्रव्यं मोजतं. ज्यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झालं त्या ॲबिगेल ऑलवुड ऑस्ट्रेलियातल्या भूशास्त्रज्ञ. पश्चिम ऑस्ट्रेलियात 343 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतल्या जिवांच्या खुणा त्यांनी अभ्यासल्या होत्या. जुलै 2024 मध्ये त्या गाडीला एका खडकावर बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखे डाग दिसले. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचा सविस्तर शोधनिबंध आला: डागांत लोहाचं फॉस्फेट असलेलं व्हिवियानाइट आणि लोहाचं सल्फाइड असलेलं ग्रेगाइट ही खनिजं असावीत. पृथ्वीवर अशी खनिजं चिखलातले सूक्ष्मजीव बनवतात. पण जिवाशिवायही ती बनू शकतात. मग मंगळावर ती कशी बनली? हा वाद सोडवायला बसलेल्या माणसाला रेडॉक्स अभिक्रिया, म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होणाऱ्या अभिक्रिया, सहज सोडवता याव्या लागतात. तू आत्ता बॅटरीचं गणित म्हणून सोडवतेस तेच इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं प्रकरण इथे कामाला येतं.

आता प्रत्यक्ष प्रवेशाचं. आयसरच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमासाठी आयएटी ही परीक्षा द्यावी लागते. 60 प्रश्न असतात. भौतिक, रसायन, जीव आणि गणित यांचे प्रत्येकी 15. तू चारही विषय ठेवलेस हा तुझा मोठा फायदा, कारण बहुतेक मुलांचा एक कोपरा लंगडा असतो. तिथे सुरुवातीला सगळ्यांना सगळे विज्ञानविषय शिकावे लागतात आणि मुख्य दिशा नंतर ठरते, जे तुझ्यासारखीला फार सोयीचं आहे. पुणे आणि कोलकाता इथल्या आयसरमध्ये पृथ्वीविज्ञानाचे विभाग आहेत. भुवनेश्वरच्या नायसरसाठी आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातल्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रासाठी नेस्ट ही परीक्षा आहे. दोन्ही दे. जेईईच्या क्लासला लाखभर रुपये न घालता या परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडव. त्यांत पाठांतरापेक्षा समज जास्त लागते.

नाही मिळालं, तर जग बुडत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता आपल्याकडच्या विद्यापीठांत मेजर आणि मायनर असे विषय घेता येतात आणि चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. रसायनशास्त्र मेजर, जिऑलॉजी मायनर ही जोडी सगळीकडे मिळत नाही, कारण जिऑलॉजीचे विभागच मोजके आहेत. पुण्यात फर्ग्युसन आणि मुंबईत झेवियर्समध्ये तो विषय आहे. नागपूर विद्यापीठाचा पदव्युत्तर भूशास्त्र विभाग जुना आणि नावाजलेला. एक गोष्ट ध्यानात ठेव: एम.एस्सी. जिऑलॉजीला बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.ला जिऑलॉजी असावी लागते, पण रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. केमिस्ट्रीमार्गे भूरसायनाकडे वळणं शक्य असतं. म्हणून मेजर केमिस्ट्री ठेवलेली बरी. जिऑलॉजी मायनर कुठेच जमली नाही तर गणित किंवा मायक्रो घे आणि जिऑलॉजी स्वतः वाच.

तीन-चार वर्षं नुसती वर्गात घालवू नकोस. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या मुलांना संशोधनाची ओळख करून देतो. भारतातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिथे अर्ज कर. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत ग्रहविज्ञानावर आणि अवकाशातल्या बर्फाच्या रसायनावर काम चालतं. गोव्यात दोन संस्था आहेत ज्यांची नावं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते: दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती ही आपली केंद्रं वास्कोच्या संस्थेकडून चालवली जातात. बर्फाखाली, अंधारात आणि गोठलेल्या मातीत जीव कसे टिकतात हे ज्याला बघायचंय त्याची वाट तिथून जाते. आणि पायथन ही संगणकाची भाषा पहिल्याच वर्षी शिक. पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत गेलीस तरी ती लागणारच.

मावशींना सांग, त्यांनी सांगितलं ते खोटं नाही. फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ॲस्ट्रोबायोलॉजीची पदवी खरोखर मिळते. पण पदवीच्या पातळीवर परदेशी शिकायचं तर फी आणि राहण्याचा खर्च बहुतेक घरालाच सोसावा लागतो, आणि एवढं कर्ज डोक्यावर असलेली मुलगी पुढे पीएचडी करायला धजावत नाही. ती लगेच पगाराची नोकरी शोधते, जे स्वाभाविकही आहे. परदेशात जायचंच असेल तर पीएचडीला जा. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीला बहुधा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. पेन स्टेट आणि वॉशिंग्टन विद्यापीठांत तर भूशास्त्र, रसायन किंवा खगोलशास्त्र अशा मूळ विषयाला ॲस्ट्रोबायोलॉजी जोडून पीएचडी करता येते. म्हणजे तिथेही आधी मूळ विषय लागतोच. नासाचं म्हणशील तर तिथल्या सरकारी नोकरीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. पीएचडीनंतर फेलो म्हणून काम करायला परदेशी संशोधकांना मात्र संधी असते. हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता बाबांचं. त्यांच्या काळजीला कमी लेखू नकोस. विहीर खणायला किती पैसे लागतात आणि पाणी लागलं नाही तर काय होतं, हे ज्याने भोगलंय तो माणूस लेकीच्या नोकरीचा विचार करणारच. त्यांना खरं चित्र दाखव. भारतात ‘खगोलजीवशास्त्रज्ञ’ या नावाच्या जागा जवळजवळ नाहीत. संशोधक व्हायचं तर पदवी, पदव्युत्तर, पीएचडी आणि त्यापुढचं काम धरून दहा-बारा वर्षांची तयारी ठेवावी लागेल. मात्र त्यातली पीएचडीची वर्षं फुकट राबायची नसतात: नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये आणि नंतर 42,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. आणि मध्येच थांबावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांसाठी जी कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा घेतो, त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी जिऑलॉजिस्टबरोबर केमिस्टही निवडले जातात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. पाणी तपासणाऱ्या, खनिज आणि औषध उद्योगातल्या प्रयोगशाळा आहेत. गावोगावी विहिरींतला क्षार आणि फ्लोराइड तपासायला तुझ्यासारखी जाणती माणसं हवीच आहेत आणि त्या कामाला मी दुय्यम मानत नाही.

इंजिनिअरिंगचा रस्ता बंद आहे असंही नाही. मधुसूदन यांची पहिली पदवी बनारसच्या तंत्रज्ञान संस्थेतली बी.टेक.च होती. पण ते इंजिनिअरिंग ‘आधी नोकरी, मग आवड’ म्हणून केलं तर आवडीकडे परतायला वेळ उरत नाही, हे मी बाबांना नम्रपणे सांगेन. पहिली पदवी माणसाला कायमची बांधत नाही, याचं उदाहरण हवं असेल तर सिरिल पोन्नम्पेरुमा यांचं दे. श्रीलंकेतल्या गॉल शहराचे, मद्रास विद्यापीठातून तत्त्वज्ञानात बी.ए. झालेले. पुढे लंडनला जाऊन रसायनशास्त्र शिकले, बर्कलीला पीएचडी केली, नासात जीवसृष्टीच्या उगमावर संशोधन केलं आणि 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत अमिनो आम्लं शोधणाऱ्या गटात होते. पण तेही शेवटी रसायनशास्त्राच्या दारातूनच आत आले, हे बघ.

या वर्षी करायचं ते थोडकं आहे. बोर्डाच्या परीक्षेत रसायन आणि गणित घट्ट कर. आयएटी आणि नेस्टच्या संकेतस्थळांवर अर्जाच्या तारखा वेळच्या वेळी बघ, गावात नेट जातं म्हणून शेवटच्या दिवसावर टाकू नकोस. कॉलेज निवडताना इमारत आणि कट-ऑफ बघून भुलू नकोस. प्रत्यक्ष विभागात जा, तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि विचार: प्रॅक्टिकल खरंच होतात की जर्नल उतरवून घेतात? उपकरणांना हात लावू देतात का? फील्डला नेतात का? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कुणाकडे, कशावर केला? मुलींच्या वसतिगृहात जागा मिळते का, आणि लॅबमधून संध्याकाळी उशिरा परतलं तर चालतं का? शेवटचा प्रश्न बाबांसमोरच विचार.

तुझी,
ताई